कर्नल सी. के. नायडू : राखीव फळीला मान देणारा कर्णधार



थोरांच्या चरित्रमालेत संत, समाजसुधारक, लेखक यांच्यावर पुष्कळ लिहिले जाते. या खेपेस आम्ही एका खेळाडूचे चरित्र घेतले आहे. त्याला कारण आपल्याच घरांतली मुले. हल्ली सामना सुरू होण्याआधी नातवंडे मोबाईलवर स्वतःचा अकरा जणांचा संघ मांडून बसतात. पैसे लावून खेळायच्या अशा खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली, ते चांगलेच झाले. पण नुसत्या हौशीसाठी कागदावर संघ मांडण्याची गंमत काही संपलेली नाही. त्यात मुलांचा वाद नेहमी एकाच गोष्टीवर होतो. नाव असलेला खेळाडू घेतला आणि तो ऐन वेळी जखमी झाला तर काय? त्याच्या जागी कोणाला राखून ठेवायचे? अमेरिकेत गेलेल्या आपल्या कुटुंबांतली मुले तिकडच्या फुटबॉलच्या कागदी संघांत हाच हिशेब करतात, कारण त्या खेळात चेंडू घेऊन धावणारा गडी फार लवकर जायबंदी होतो आणि त्याच्यामागे उभा असलेला दुसरा गडी एका दिवसात सोन्याच्या मोलाचा ठरतो.

हा हिशेब नवा नाही. आपल्याच भागातल्या एका माणसाने तो आयुष्यभर मैदानावर मांडला. त्याचे नाव कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजेच कर्नल सी. के. नायडू.

नायडू मराठी नव्हेत. घराणे तेलुगू, जन्म नागपूरचा आणि कर्मभूमी इंदूर. पण आपला बहादरपूर-बुऱ्हाणपूरचा मुलूख इंग्रजी अमलात निमाड जिल्ह्यात आणि मध्य प्रांतात होता, त्याची राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ नंतर नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि आपले जाणे-येणे इंदूर-भोपाळकडे वाढले. नायडूंची दोन्ही शहरे आपल्याला कधी ना कधी जवळची होती. म्हणून त्यांना आपले मानायला हरकत नसावी.

नागपूरचे बालपण आणि नवव्या क्रमांकाची सुरुवात

सी. के. यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. आजोबा नारायणस्वामी नागपुरात वकिली करीत, घरची जमीनजुमला चांगली होती. वडील सूर्यप्रकाशराव इंग्लंडला केंब्रिजमध्ये शिकून आलेले. घरात शिक्षण होते, शिस्त होती आणि खेळाला मज्जाव नव्हता. धाकटे बंधू सी. एस. नायडू हेही पुढे भारताकडून खेळले. त्यांचा उल्लेख पुढे येईलच.

त्या काळी हिंदुस्थानात क्रिकेटचा सर्वांत मोठा मेळा म्हणजे मुंबईची चौरंगी स्पर्धा. हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन असे चार संघ त्यात खेळत. हिंदू संघात पळवणकर बंधूंचा दबदबा होता. थोरले बाळू पळवणकर हे त्या काळचे आपले सर्वश्रेष्ठ गोलंदाज. पण चांभार समाजातले म्हणून त्यांना कर्णधारपद कधी मिळाले नाही. लायकीने पहिला असलेला माणूस जन्मामुळे दुसरा ठरवला गेला. १९२३ मध्ये मात्र त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघ जिंकला. राखीव फळीची गोष्ट सांगताना हा भेद ध्यानात ठेवलाच पाहिजे. कौशल्य अजून पुरे पिकले नाही म्हणून थांबणे वेगळे आणि कोणी मुद्दाम थांबवून ठेवणे वेगळे.

सी. के. या स्पर्धेत पहिल्यांदा उतरले ते १९१६ साली, युरोपियन संघाविरुद्ध. त्यांना नवव्या क्रमांकावर ठेवले होते, म्हणजे फलंदाज म्हणून त्यांच्याकडून कोणाची फारशी अपेक्षा नव्हती. संघाची अवस्था ७ बाद ७९ अशी झाली तेव्हा ते खेळायला आले. पहिले तीन चेंडू त्यांनी शांतपणे अडवले आणि चौथा सरळ षटकार मारला. प्रथम श्रेणीच्या कारकिर्दीतल्या त्यांच्या पहिल्या धावा या अशा सहाच्या सहा एकदम आल्या. खाली ठेवलेल्या माणसाला संधी मिळाली की त्याने ती कशी घ्यावी, याचा हा पहिला धडा. आधी तीन चेंडू खेळपट्टी पाहून घ्यायची आणि मगच हात मोकळा सोडायचा.

इंदुरास आगमन

१९२३ साली होळकर दरबाराने त्यांना इंदुरास बोलावून घेतले आणि आपल्या सैन्यात कॅप्टनचा हुद्दा दिला. पुढे ते कर्नल झाले आणि ते बिरूद त्यांच्या नावाला कायमचे चिकटले. संस्थानात खेळाडूला नोकरी देण्याची ही पद्धत मोठी उपकारक ठरली. खेळाडूला महिन्याचा पगार असला की तो संघाबाहेर बसला तरी उपाशी राहत नाही. आजही ज्या घरात उत्पन्नाची निश्चिती नाही, त्या घरातला गुणी मुलगा दोन हंगाम बाकावर बसला की बॅट ठेवून लूमवर किंवा दुकानात जातो. राखीव खेळाडू टिकवायचा तर त्याच्या पोटाची सोय आधी लागते.

१ डिसेंबर १९२६ हा दिवस सी. के. यांना देशभर नाव देऊन गेला. ऑर्थर गिलिगन यांचा एम. सी. सी. संघ मुंबईस आला होता. मुंबई जिमखान्याच्या मैदानावर हिंदू संघाकडून खेळताना सी. के. यांनी दोन तासांच्या आत १५३ धावा कुटल्या, त्यात ११ षटकार होते. गोऱ्या पाहुण्यांच्या गोलंदाजीला असे फोडून काढता येते हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. दोन वर्षांनी, डिसेंबर १९२८ मध्ये, भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि भारताला कसोटी खेळण्याची वाट मोकळी झाली.

१९३२ : चौथ्या नंबरचा कर्णधार

१९३२ च्या इंग्लंड दौऱ्याची कथा म्हणजे राखीव माणूस का हवा याचे उत्तम उदाहरण. त्या काळी कर्णधार संस्थानिकच असावा असा संकेत होता. पहिले नाव पतियाळाच्या महाराजांचे होते. ते गेले नाहीत. मग पोरबंदरचे महाराज कर्णधार झाले आणि लिंबडीचे घनश्यामसिंहजी उपकर्णधार. पोरबंदरकर भले गृहस्थ होते, पण खेळाडू बेताचे. स्वतःची कुवत ओळखून त्यांनी कसोटीत न खेळण्याचे ठरवले. हा मोठेपणा इतिहासाने फारसा लक्षात ठेवला नाही, पण आम्हाला तो मोलाचा वाटतो. त्यांच्यानंतर लिंबडीकरांचा नंबर, तर ते ऐन वेळी जखमी झाले. अशा रीतीने २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर भारताच्या पहिल्यावहिल्या कसोटीचे नेतृत्व सी. के. नायडू यांच्याकडे आले. पतियाळा, पोरबंदर, लिंबडी आणि मग नायडू. रांगेतला चौथा माणूस देशाचा पहिला कसोटी कर्णधार ठरला.

हा सामना आपण १५८ धावांनी हरलो, पण सुरुवात अशी झाली की लॉर्ड्स हादरले. पहिल्या अर्ध्या तासात इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ होती. महंमद निसार यांनी डावात पाच बळी घेतले. फलंदाजीला आपल्याकडून सर्वांत आधी उभे राहिले ते जनार्दन नवले, पुण्याजवळच्या फुलगावचे. यष्टिरक्षणही त्यांचेच. म्हणजे भारताचा पहिला कसोटी चेंडू खेळणारा फलंदाज मराठी होता, हे आपल्या मुलांना अवश्य सांगावे. सी. के. यांनी हाताला दुखापत झालेली असतानाही पहिल्या डावात संघात सर्वाधिक ४० धावा काढल्या. दुसऱ्या डावात वरचे गडी पटापट बाद झाले तेव्हा खाली खेळणाऱ्या अमरसिंग या गोलंदाजाने ५१ धावा केल्या. भारताचे पहिले कसोटी अर्धशतक हे असे एका गोलंदाजाचे आहे.

दौऱ्यावर १८ जण गेले होते आणि कसोटी एकच होती. त्यामुळे कितीतरी जण कसोटी न खेळताच परतले. मुंबईचे शंकरराव गोडांबे हे त्यांपैकी एक. गोलंदाज म्हणून ते दौऱ्यावर होते, पण कसोटीची टोपी त्यांना कधीच मिळाली नाही. अशा खेळाडूंमुळेच दौरा पार पडतो, कारण रोज सामने असतात आणि कोणाला तरी खेळावे लागते. सी. के. स्वतः त्या दौऱ्यातले प्रथम श्रेणीचे २६ च्या २६ सामने खेळले, १६१८ धावा काढल्या आणि ६५ बळी घेतले. विस्डेन या इंग्रजी वार्षिकाने १९३३ मध्ये वर्षातील पाच श्रेष्ठ खेळाडूंत त्यांची गणना केली.

संधीचे सोने करणारा मुश्ताक

इंदुरात सी. के. यांनी जे पोर हेरले त्याचे नाव मुश्ताक अली. पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा, वय तेरा-चौदा. सी. के. यांनी त्याला हाताशी धरले, खेळ शिकवला. जानेवारी १९३४ मध्ये कलकत्त्याच्या कसोटीत मुश्ताक पहिल्यांदा भारताकडून खेळले, ते डावखुरे फिरकी गोलंदाज म्हणून. त्याच सामन्यात धाकटे बंधू सी. एस. नायडू यांचेही पदार्पण झाले. त्याच सामन्यात नवल्यांच्या जागी यष्टिरक्षक म्हणून आलेल्या दिलावर हुसेन यांच्या डोक्याला चेंडू लागला. मलमपट्टी करून ते परत आले आणि दोन्ही डावांत अर्धशतके काढली. सी. के. यांच्या चार कसोटींतल्या नेतृत्वात न हरलेला सामना एवढा हा एकच.

मुश्ताक यांची खरी कथा १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यातली. त्या वर्षी कर्णधारपद विजयानगरमचे महाराजकुमार यांच्याकडे गेले आणि सी. के. यांना एका कच्च्या खेळाडूच्या हाताखाली खेळावे लागले. संघात गट पडले. लाला अमरनाथ यांना मध्येच घरी पाठवले. दुखापती इतक्या झाल्या की सी. एस. नायडू यांना मागाहून बोलावून घ्यावे लागले आणि अमरसिंग यांना इंग्लंडमधल्या व्यावसायिक क्लबाकडून सामन्यांपुरते मागून आणावे लागले.

यष्टिरक्षकाच्या जागेचे त्या दौऱ्यात काय झाले ते पाहण्यासारखे आहे. लॉर्ड्सला दत्ताराम हिंदळेकर होते आणि सलामीलाही तेच आले होते. ते जखमी झाले म्हणून मँचेस्टरला मेहेरहोमजी आले. तिसऱ्या कसोटीत ओव्हलवर दिलावर हुसेन. तीन कसोट्या, तीन यष्टिरक्षक! कागदावर संघ मांडणाऱ्या मुलांनी यातून एक गोष्ट घ्यावी. फलंदाज पाच-सहा असतात, एक गेला तर दुसरा सांभाळतो. यष्टिरक्षक एकच असतो. ज्या जागेवर एकच माणूस, तिथे त्याच कामाचा दुसरा माणूस राखलाच पाहिजे, मग तो महिनाभर नुसता बसून राहिला तरी चालेल.

हिंदळेकर गेल्यामुळे सलामीची जागाही रिकामी झाली. मँचेस्टरला विजय मर्चंट यांच्याबरोबर सलामीला पाठवले गेले ते मुश्ताक अली, दोन वर्षांपूर्वी फिरकी गोलंदाज म्हणून आलेले. पहिल्या डावात ते धावचीत झाले. दुसऱ्या डावात मात्र या जोडीने २०३ धावांची सलामी दिली. मुश्ताक यांनी ११२ धावा केल्या. परदेशात भारतीयाने काढलेले ते पहिले कसोटी शतक. एकाच्या बोटाला लागले आणि दुसऱ्याचे नशीब उघडले, असे वरवर दिसते. पण नशीब उघडायला दारात माणूस उभा असावा लागतो. इंदूरच्या मैदानावर सी. के. यांनी जी वर्षे खर्ची घातली होती, त्यामुळे तो माणूस दारात उभा होता.

त्याच दौऱ्यात ओव्हलच्या कसोटीत सी. के. यांनी शेवटचा डाव खेळला. गबी ॲलन यांचा चेंडू पोटावर बसला, तरी ते खेळत राहिले आणि ८१ धावा केल्या. कसोटीतली ती त्यांची सर्वोच्च धावसंख्या. एकूण सात कसोट्या आणि ३५० धावा, बस्स. आकड्यांत पाहिले तर त्यांचे मोठेपण कळणार नाही. कसोटी मिळाली तेव्हा ते छत्तीस वर्षांचे झाले होते.

होळकर संघ : जिथे कोणीही उभा राहत असे

त्यांच्या कर्तृत्वाचा खरा डोंगर म्हणजे होळकर संघ. यशवंतराव होळकर यांचा आश्रय आणि सी. के. यांचे नेतृत्व, यांतून रणजी करंडकाच्या इतिहासातला एक विलक्षण संघ घडला. १९४४-४५ पासून १९५४-५५ पर्यंतच्या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा जिंकला : १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. तेव्हा मुंबईसमोर टिकणे हीच मोठी गोष्ट होती.

पहिला अंतिम सामना मात्र हरले, आणि तो पराभव शिकवणारा आहे. १९४४-४५ मध्ये मुंबईने ४६२ आणि ७६४ धावा केल्या. लष्करी नोकरीनिमित्त हिंदुस्थानात असलेले डेनिस कॉम्प्टन होळकरकडून खेळले आणि २४९ धावांवर नाबाद राहिले; मुश्ताक यांनी दोन्ही डावांत शतके केली. तरी ३७४ धावांनी हार झाली. गोलंदाजीत सगळा भार एकट्या सी. एस. नायडू यांच्यावर पडला होता. त्यांनी त्या सामन्यात ९१७ चेंडू टाकले आणि ४२८ धावा देऊन ११ बळी घेतले. एका सामन्यात एवढे चेंडू आजवर कोणी टाकलेले नाहीत. विक्रम म्हणून तो कौतुकाचा आहे. पण हिशेबनीसाच्या नजरेने पाहिले तर मुख्य माणसाला विसावा देणारा त्याच्या तोडीचा दुसरा माणूस नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. सगळी ठेव एकाच खात्यात ठेवल्यासारखे झाले.

पुढच्याच हंगामात फलंदाजीत याच्या नेमके उलट चित्र दिसले. मार्च १९४६ मध्ये इंदुरात म्हैसूरविरुद्ध होळकर संघाने ८ बाद ९१२ धावांवर डाव सोडला. त्यात सहा जणांची शतके होती. कमल भांडारकर १४२, चंदू सरवटे १०१, माधवसिंह जगदाळे १६४, स्वतः सी. के. १०१, भाऊसाहेब निंबाळकर १७२ आणि प्रतापसिंग १००. प्रथम श्रेणीच्या एका डावात सहा शतके हा जागतिक विक्रम आहे. यादी वाचताना किती मराठी नावे येतात ते पाहा. आणि या यादीत मुश्ताक अली नाहीत! संघाचा सर्वांत लोकप्रिय फलंदाज शतक न करता परतला तरी बाकीच्यांनी नऊशे पार केले. राखीव फळीची ताकद म्हणतात ती हीच. त्या वर्षी होळकर संघ बडोद्याला हरवून पहिल्यांदा विजेता झाला.

चंदू सरवटे यांचे तर सांगावे तेवढे थोडे. त्याच वर्षी मे महिन्यात, इंग्लंड दौऱ्यावर सरेविरुद्ध ओव्हलवर भारताचे ९ गडी २०५ धावांत बाद झाले होते. दहाव्या क्रमांकावरचे सरवटे आणि अकराव्या क्रमांकावरचे शुटे बॅनर्जी यांनी २४९ धावांची भागी केली. सरवटे १२४ नाबाद, बॅनर्जी १२१. शेवटच्या दोघांनी एकाच डावात शतके काढल्याचे हे एकमेव उदाहरण. हेच सरवटे फिरकी टाकत आणि वेळ पडली तर भारताकडून सलामीलाही जात. मुलांनो, राखीव खेळाडू निवडायचा तर असा निवडावा. ज्याला एकच काम येते तो दुसऱ्याच्या दुखापतीची वाट पाहतो; ज्याला दोन-तीन कामे येतात त्याच्यासाठी रोज कुठली ना कुठली जागा निघते.

पण न्याय नेहमी होतोच असे नाही. भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याला महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध खेळताना ते ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमन यांचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर होता. इतक्यात काठियावाड संघाने सामना सोडून दिला. एवढे करूनही निंबाळकरांना भारताकडून एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. होळकर संघात ते वर्षानुवर्षे मानाने खेळले, हा त्यातल्या त्यात दिलासा.

कडक माणूस

सी. के. शिस्तीचे फार कडक. सरावाला उशीर चालत नसे, दुखले-खुपले सांगितलेले खपत नसे. स्वतःलाही त्यांनी तोच नियम लावला. १९५१-५२ च्या अंतिम सामन्यात मुंबईच्या दत्तू फडकर यांचा चेंडू त्यांच्या तोंडावर बसला आणि दात पडले. तेव्हा वय छप्पन्न. त्यांनी मैदान सोडले नाही, गोलंदाजाला वेग कमी करू दिला नाही, आणि खेळत राहिले. पुढच्या वर्षी सत्तावन्नाव्या वर्षी त्यांचा संघ कलकत्त्यात बंगालला हरवून चौथ्यांदा विजेता झाला.

येथे एक प्रश्न येतो आणि तो टाळणे बरोबर नाही. जो माणूस साठीला टेकला तरी संघात आहे, तो एका तरुणाची जागा अडवत नाही काय? १९५६-५७ च्या हंगामात एकसष्टाव्या वर्षी ते उत्तर प्रदेशकडून रणजी खेळले. शेवटचा प्रथम श्रेणी सामना तर त्यांनी १९६३ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, आपल्या जन्मगावी नागपुरात खेळला. तो मदतनिधीचा सामना होता, त्यामुळे त्याचे सोडून देऊ. बाकीच्यांबद्दल आमचे मत असे. उत्तरायुष्यातही ते धावा काढत होते, नुसत्या नावावर उभे नव्हते. तरीही मागे थांबलेल्या एखाद्या पोराच्या बाजूने विचार केला तर मनात खंत राहते. बँकेत नियम चांगला आहे : साठाव्या वर्षी खुर्ची सोडावीच लागते, कितीही हुशार असला तरी. खेळात आणि सार्वजनिक मंडळांत तो नियम नसतो. तिथे ज्याचे त्याने ओळखायचे असते. दुसरी फळी घडवणाऱ्या माणसालाही स्वतःची खुर्ची सोडणे जड जाते, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे.

उत्तरार्ध

खेळाबरोबर त्यांनी राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्षपदही सांभाळले. पद्मभूषण मिळवणारे ते पहिले क्रिकेटपटू. प्रथम श्रेणीत २०७ सामने, ११,८२५ धावा, २६ शतके आणि ४११ बळी अशी त्यांची शिल्लक आहे. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदुरात त्यांचे निधन झाले.

क्रिकेट मंडळाने त्यांचे नाव दोन ठिकाणी ठेवले. १९९४ पासून जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावे दिला जातो; पहिला लाला अमरनाथ यांना मिळाला. आणि तरुण खेळाडूंच्या राष्ट्रीय स्पर्धेलाही कर्नल सी. के. नायडू करंडक असे नाव आहे. आम्हाला हा दुसरा मान अधिक शोभून दिसतो. जी मुले अजून मोठ्या संघाच्या दारात उभी आहेत, त्यांचीच ही स्पर्धा.

त्यांनी लावलेले झाड आजही फळ देते. २०२२ च्या जूनमध्ये मध्य प्रदेशाने बेंगळुरूस मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. होळकर संघाच्या शेवटच्या विजयानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी करंडक पुन्हा या मातीत आला. त्या वेळी आवेश खान आणि व्यंकटेश अय्यर हे दोन नावाजलेले खेळाडू भारतीय संघात असल्याने राज्याला मिळाले नव्हते. मागच्या फळीने काम केले. अंतिम सामन्यात यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार यांनी शतके काढली. प्रशिक्षक होते मुंबईचे चंद्रकांत पंडित.

इंदूरच्या रजत पाटीदारांची गोष्ट तर मुलांना पाठच असेल. २०२२ च्या आयपीएल लिलावात त्यांना कोणी घेतले नव्हते. बेंगळुरूच्या संघातला एक खेळाडू जखमी झाला म्हणून त्याच्या जागी त्यांना बोलावले, आणि बाद फेरीच्या सामन्यात त्यांनी नाबाद ११२ धावा केल्या. पुढे त्याच संघाचे ते कर्णधार झाले आणि २०२५ मध्ये त्यांनी त्या संघाला पहिले विजेतेपद मिळवून दिले. मुश्ताक यांच्या मँचेस्टरपासून ही रेष सरळ येते.

आपल्यासाठी

आता थोडे आपल्या घरचे. बहादरपुरात आणि बुऱ्हाणपुरात क्रिकेट खेळणारी मुले भरपूर आहेत. संघ अकरा जणांचा, मुले वीस. उरलेली नऊ मुले सीमारेषेबाहेर पाण्याच्या बाटल्या सांभाळतात आणि दोन-तीन महिन्यांत यायची बंद होतात. आईवडीलही विचारतात की खेळायलाच मिळत नाही तर जायचे कशाला. आम्हाला हे नुकसान मोठे वाटते. बँकिंग कायद्याने प्रत्येक बँकेला नफ्यातला किमान वीस टक्के भाग राखीव निधीत टाकावा लागतो. चांगल्या वर्षांत त्या रकमेकडे कोणी पाहत नाही. वाईट वर्षी तीच बँक वाचवते. पण निधी नुसता बाजूला टाकून चालत नाही, त्याचा दरवर्षी हिशेब होतो. तसेच राखीव मुलांचे आहे.

म्हणून मंडळापुढे आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, आपल्या सामन्यांत प्रत्येक संघाने राखीव मुलांना निदान एक पूर्ण सामना खेळवावा. नुसते क्षेत्ररक्षणाला उभे करू नये. दुसरी, प्रत्येक संघात दुसरा यष्टिरक्षक सरावाने तयार ठेवावा. तिसरी, जे मूल बाहेर बसते त्याला दुसरे एखादे काम शिकवावे : फिरकी टाकणे, गुणलेखन, पंचगिरी. गुणलेखक आणि पंचही संघाला लागतात, आणि आपल्याकडे दोघांचीही वाण आहे.

हीच गोष्ट मंडळालाही लागू आहे. गणेशोत्सवाचा जमाखर्च, वर्गणी, मांडव, प्रसाद ही कामे वर्षानुवर्षे त्याच चार-पाच माणसांच्या अंगावर आहेत, सी. एस. नायडूंच्या ९१७ चेंडूंसारखी. त्यांच्याजवळ एकेक तरुण आतापासून बसवावा आणि एखाद्या वर्षी सगळे काम त्याच्यावर सोपवून पाहावे. जुन्यांनी शेजारी बसून फक्त पाहावे. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा अशी आमची विनंती आहे. सभासदांनी त्याआधी आपापल्या घरातल्या तरुणांची नावे कार्यवाहांकडे द्यावीत.